फुकटच्या निरोपाचे मोल

१ जुलै २०१८ रोजी रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी फिरत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या बाजारात आले. मुले पळविणारी टोळी हिंडत असल्याची वदंता त्या टापूत कित्येक दिवस मोबाइलवरून पसरत होती. जमावाने या पाच जणांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच मारहाण करून त्यांचे प्राण घेतले. ज्या कार्यालयात जन्ममृत्यूची नोंद होते, दाखले मिळतात, तेच कार्यालय वधस्थान झाले. पंचायत राज्याच्या इतिहासात ही नोंद कायमची राहणार आहे.

त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथेही अशाच संशयावरून एका जमावाने पाच जणांना घेरले होते. त्यांत एक लहान मूलही होते. तेथे पोलीस वेळेवर पोहोचले आणि त्यांनी या सर्वांना जमावाच्या तावडीतून सोडविले. दोन्ही ठिकाणची अफवा एकाच जातीची होती. फरक पडला तो एवढाच, की एका ठिकाणी शासनयंत्रणा जमावाच्या आधी पोहोचू शकली आणि दुसऱ्या ठिकाणी तिला तसे करता आले नाही.

या घटनेनंतर पुष्कळ चर्चा झाली. काहींनी मोबाइलला दोष दिला, काहींनी अज्ञानाला, तर काहींनी पोलिसांना. तथापि हा प्रश्न कोणा एकाला दोष देऊन सुटणारा नाही. निरोप फुकट जातो, तो क्षणात जातो, तो कोणी मधेच वाचू शकत नाही आणि तो पाठविणाऱ्याला एक पैसाही पडत नाही, हे या साधनाचे चार गुण आहेत. राईनपाड्यास जे घडले ते या गुणांच्याच आधाराने घडले. गुण आणि दोष जेथे एकाच मुळातून फुटतात तेथे दोष उपटताना गुणही उपटला जातो. शासन, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढील खरी अडचण ती आहे.

एका जाहिरातीची कथा

त्या काळात भारतभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीचा उगम पाहण्यासारखा आहे. मोटारसायकलवरून दोघे जण येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतील एकाला उचलतात आणि निघून जातात, असे त्या चित्रफितीत दिसत असे. वास्तविक ही एक जाहिरात होती. पाकिस्तानातील कराची येथे हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेसाठी ती २०१६ साली तयार करण्यात आली होती. मूळ चित्रपटात मोटारसायकलस्वार परत येतात, मुलाला सुखरूप खाली ठेवतात आणि एक फलक धरून मूल पळविण्यास किती कमी वेळ लागतो हे पालकांना बजावतात. कोणीतरी हा शेवटचा भाग कापून टाकला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून भारतात पाठविला. मुलांच्या रक्षणासाठी काढलेल्या जाहिरातीने निरपराध माणसांविरुद्ध जमाव उभे करण्यास हातभार लावला. जाहिरात चांगली होती, म्हणजे मनात भय उत्पन्न करण्यात ती यशस्वी झाली होती. भयाला मात्र त्याचा हेतू चिकटून राहत नाही. चित्रफीत कापली की हेतू गळून पडतो आणि भय शिल्लक राहते.

सीरियातील विषारी वायूच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडलेल्या बालकांची जुनी दृश्येदेखील त्याच दिवसांत अपहृत मुलांची म्हणून फिरत होती. चित्र दूरदेशीचे, आवाज आपल्या बोलीतला आणि पाठविणारा ओळखीचा, अशी ही जुळणी होती. पूर्वी गावात परका माणूस एखादी बातमी सांगू लागला तर लोक त्याच्याकडे साशंकतेने पाहत. हा निरोप मेव्हण्याकडून, शेजाऱ्याकडून, कधी गुरुजींकडूनही येत असल्याने त्याच्यावर संशय घेण्यास जागाच राहत नव्हती. ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाने तो स्वतः तपासला असेल असे प्रत्येकाने गृहीत धरले. कोणीच तपासला नव्हता.

पाचाचा पाढा

राईनपाड्याच्या घटनेनंतर केंद्र शासनाने व्हॉट्सॲप कंपनीस खुलासा विचारला. कंपनीने १० जुलै २०१८ पासून, पुढे पाठविलेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास प्रारंभ केला. त्याच दिवशी तिने भारतीय वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन अफवा ओळखण्याचे उपाय सांगितले. जगातील सर्वांत वेगवान निरोप्याला लोकांपर्यंत विश्वासार्ह रीतीने पोहोचण्यासाठी छापील कागदाचा आश्रय घ्यावा लागला, ही गोष्ट वर्तमानपत्रे संपली असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे त्याच महिन्यात भारतापुरती अशी मर्यादा घालण्यात आली, की एक निरोप एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा सर्व जगाला लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून फिरून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असा नियम झाला. त्यामुळे असे निरोप सत्तर टक्क्यांनी घटले, असे कंपनीचे म्हणणे आहे.

या मर्यादेचे महत्त्व शिक्षकांना वर्गात गुणाकाराने सांगता येईल. २०१८ साली एका समूहात २५६ सदस्य असू शकत. पूर्वी एक निरोप एका वेळी अडीचशेहून अधिक ठिकाणी पाठविता येत असे. ती सर्व ठिकाणे भरलेले समूह आहेत असे धरले, तर एक माणूस एका दमात चौसष्ट हजार लोकांपर्यंत पोहोचू शकत होता. महाराष्ट्रातील कित्येक तालुक्यांच्या गावांची लोकसंख्या याहून कमी आहे. मर्यादा पाच झाल्यावर हाच आकडा १,२८० वर आला. विद्यार्थी येथे प्रश्न विचारतील की १,२८० लोकांनी प्रत्येकी पुढे पाठविले तर काय होईल? प्रश्न बरोबर आहे. मर्यादेने अफवा थांबत नाही, तिला उशीर होतो. परंतु मालेगावचा अनुभव पाहता या उशीरालाच मोल आहे. पोलीस ठाण्यापासून गावापर्यंतचे अंतर गाडी जेवढ्या वेळात कापते तेवढा वेळ कोणी मिळवून दिला, तर तो पुरेसा ठरू शकतो.

मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२२ साली समूहाची सदस्यमर्यादा प्रथम ५१२ आणि नंतर १,०२४ करण्यात आली. म्हणजे पाच समूहांचे गणित पुन्हा ५,१२० वर गेले. एकदा पुढे पाठविला गेलेला निरोप एका वेळी एकाच समूहात पाठविता येईल, असा निर्बंधही त्याच वर्षी आला, हे खरे. २०२३ मध्ये वाहिन्या सुरू झाल्या, त्यांना अनुयायांची मर्यादाच नाही. कंपनी एका हाताने दार ओढून घेते आणि दुसऱ्या हाताने खिडकी रुंद करते, असे कोणास वाटले तर त्यात त्याची चूक नाही. असे का होते, हे समजण्यासाठी या धंद्याचा हिशेब पाहणे भाग आहे.

खर्च कोण करतो

वाचक वर्तमानपत्राची जी किंमत देतो, तीत बहुधा त्याचा छपाईखर्चही निघत नाही, उरलेली रक्कम जाहिरातदार देतो. आकाशवाणीनेही हा मार्ग पत्करला. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, त्या प्रथम मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवर. दूरदर्शनवर त्या १ जानेवारी १९७६ पासून आल्या. त्यामुळे जाहिरातीच्या पैशातून माहिती व करमणूक स्वस्त मिळते, ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. नवीन आहे ते दुसरेच. विविध भारतीवर साबणाची जाहिरात देणाऱ्यास ती कोणी ऐकली हे ठाऊक नसे. आजच्या जाहिरातदारास श्रोता कोण, तो कोठे राहतो, काल त्याने काय शोधले आणि आज तो कशावर क्षणभर थांबला, हे सर्व सांगणारी यंत्रणा भाड्याने मिळते. जाहिरातदार आता जागा विकत घेत नाही, माणसाचे लक्ष विकत घेतो, आणि त्या लक्षाचा लिलाव पापणी लवण्याच्या आत उरकलेला असतो.

व्हॉट्सॲपची स्वतःची हकिगत या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २००९ मध्ये ही सेवा सुरू करणारे जान कूम आणि ब्रायन ॲक्टन हे जाहिरातींचे उघड विरोधक होते. वापरणाऱ्याने वर्षाला एक डॉलर द्यावा आणि जाहिरातीपासून मुक्त राहावे अशी त्यांची योजना होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१६ मध्ये तो एक डॉलरही माफ झाला. एप्रिल २०१६ मध्ये प्रत्येक निरोप कुलूपबंद झाला, म्हणजे पाठविणारा आणि घेणारा यांखेरीज कोणी, स्वतः कंपनीदेखील, तो वाचू शकत नाही अशी व्यवस्था पूर्ण झाली. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये, वापरणाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक व वापराविषयीची काही माहिती फेसबुकला देण्याचे धोरण जाहीर झाले. एकाच वर्षात घडलेल्या या तीन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. वर्गणी गेली, पत्राला कुलूप लागले, आणि पाकिटावरील पत्ता मात्र दुसऱ्या घरी जाऊ लागला. ॲक्टन २०१७ मध्ये आणि कूम २०१८ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. ॲक्टन यांनी पुढे पाच कोटी डॉलर घालून सिग्नल या देणग्यांवर चालणाऱ्या निरोपसेवेच्या प्रतिष्ठानास आधार दिला.

जानेवारी २०२१ मध्ये नवे धोरण मान्य करा अन्यथा सेवा सोडा, अशी सूचना आली तेव्हा भारतात मोठी ओरड झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या प्रकरणी मूळ कंपनी मेटा हिला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. त्यावर अपील झाले, तो भाग येथे सोडून देऊ. जून २०२५ मध्ये कंपनीने स्टेटस व वाहिन्या असलेल्या विभागात जाहिराती आणण्याचे जाहीर केले. खाजगी निरोपांच्या आधारे त्या दाखविल्या जाणार नाहीत असे तिने म्हटले आहे. तरीही एक डॉलरला नाकारलेली जाहिरात अकरा वर्षांनी मागच्या दाराने आत आली, हे सत्य राहतेच. आकड्यांत सांगावयाचे तर मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते आणि त्यातील दर शंभर डॉलरमागे सत्त्याण्णवहून अधिक डॉलर जाहिरातींतून आले.

जाहिरातदार लक्षाचे पैसे देत असल्याने कंपनीचे हित लोक जितका वेळ अडकून राहतील तितके वाढते. संताप, भीती आणि नवल यांनी माणूस जितका थांबतो तितका ग्रामस्वच्छतेच्या माहितीने थांबत नाही. कोणी दुष्टपणाने अफवा पुढे ढकलतो असे मानण्याचे कारण नाही. थांबलेल्या बोटाला बक्षीस देणारी यंत्रणा असली की अफवा आपोआप पुढे येते. व्हॉट्सॲपच्या निरोपांना हा नियम तितकासा लागू नाही, कारण तेथे क्रम लावणारे यंत्र नसून माणसेच आहेत. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब यांना मात्र तो पुरेपूर लागू आहे.

येवल्याचा विणकर आणि बचत गट

या व्यवस्थेची निंदा करणे सोपे आहे, पण तिने ज्यांचे भले केले त्यांना विसरून ती करणे अन्यायाचे होईल. दैनिकातील लहानशी जाहिरातही येवल्याच्या पैठणी विणणाऱ्यास परवडणारी नव्हती, आणि परवडली तरी ती ज्यांना पैठणी घ्यावयाची नाही अशा हजारो घरांत जाऊन वाया जात असे. आज तो शे-दोनशे रुपयांत लग्नसराईच्या तोंडावर ठराविक शहरांतील ठराविक लोकांसमोर आपले काम ठेवू शकतो. पापड-लोणची करणारा महिला बचत गट किंवा देवगडचा आंबा थेट विकू पाहणारा बागायतदार यांच्या बाबतीत हेच घडले आहे. दलालाचा वाटा कमी झाला. त्यासाठी ग्राहकाची माहिती यंत्रणेकडे असावी लागते, हे मात्र त्याबरोबरच आले. आंबा ज्याला हवा त्याच्यापर्यंत नेणारी वाट आणि भोंदू औषध ज्याला विकता येईल त्याच्यापर्यंत नेणारी वाट या दोन वेगळ्या वाटा नाहीत. मधुमेहाने गांजलेल्या माणसाला समुचित आहाराचा सल्ला मिळतो तो ज्या माहितीमुळे, तिच्याचमुळे रामबाण चूर्णाची जाहिरातही त्यालाच दिसते.

अशा जाहिरातींविरुद्ध कायदे नाहीत असे नाही. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ पासून आहे. जाहिरात मानके परिषद १९८५ पासून मुंबईत काम करते आणि समाजमाध्यमांवर पैसे घेऊन वस्तूंची तारीफ करणाऱ्यांनी तसे स्पष्ट सांगितले पाहिजे, असे तिने २०२१ मध्ये ठरवून दिले. ग्राहकाला फसवून होकार घेणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. कायद्याची अडचण निराळी आहे. भिंतीवरील जाहिरात सर्वांना दिसत असे, म्हणून तक्रार करणारा सापडत असे. आता जी जाहिरात फक्त रोग्याला दिसते, ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यास दिसतच नाही.

फुकट रस्ता कोणाचा

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने एका भारतीय दूरसंचार कंपनीच्या साहाय्याने निवडक संकेतस्थळे विनामूल्य पाहण्याची योजना भारतात आणली. पुढे तिला फ्री बेसिक्स हे नाव मिळाले. गरिबाला थोडे तरी इंटरनेट फुकट मिळत असेल तर त्यास विरोध का करावा, हा तिच्या पुरस्कर्त्यांचा प्रश्न होता आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता. विरोधकांचे म्हणणे असे, की कोणता रस्ता फुकट आणि कोणता टोलाचा हे एका खाजगी कंपनीने ठरविले, तर गरिबाच्या दृष्टीने टोलाचा रस्ता अस्तित्वातच राहणार नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय दिला. मजकूर पाहून वेगवेगळा दर लावण्यास मनाई झाली आणि मोडणाऱ्यास दररोज ५० हजार रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत, दंड ठरला. काही दिवसांतच ही योजना भारतातून मागे घेण्यात आली. निर्णय योग्य होता, असेच पुढील अनुभवावरून म्हणावे लागते. सप्टेंबर २०१६ पासून दूरसंचार कंपन्यांतील स्पर्धेने डेटाचे दर एवढे खाली आले की संपूर्ण इंटरनेटच सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. अर्थात हे निर्णयाच्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. त्या दिवशी धान्याच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला तत्त्व मिळाले, फुकट सेवा मिळाली नाही.

कुलूप आणि किल्ली

अफवा प्रथम कोणी सोडली हे पोलिसांना कळले पाहिजे, ही मागणी राईनपाड्यानंतर जोराने पुढे आली. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत, पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या निरोपसेवांनी न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावरून निरोपाचा मूळ उगम सांगितला पाहिजे, अशी तरतूद झाली. व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. उगम सांगावयाचा तर प्रत्येक निरोपाचा माग ठेवावा लागेल, म्हणजेच कुलूप निरुपयोगी होईल, असे तिचे म्हणणे. शासनाचे म्हणणे असे, की कुलूप माणसाच्या जिवापेक्षा मोठे नाही.

हा वाद ऐकताना मराठी वाचकास दोन घटना एकत्र आठवल्या पाहिजेत. एक राईनपाड्याची. दुसरी नोव्हेंबर २०१२ मधील, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरची. तेथे मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत लिहिल्याबद्दल आणि त्यास पसंती दर्शविल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या कलम ६६-अ ची त्या वेळी चर्चा झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरविले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. अफवा पसरविणाऱ्याचा माग काढणारी किल्ली, रेशन दुकानातील गैरव्यवहाराचे छायाचित्र प्रथम कोणी पाठविले याचाही माग काढू शकते. किल्ली कोणाच्या हाती असेल हे पाच वर्षांनी बदलू शकते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

तणावाच्या वेळी इंटरनेट बंद करणे हा दुसरा उपाय योजला जातो. जून २०२३ मध्ये स्टेटसवरील मजकुरावरून कोल्हापुरात तणाव उसळला तेव्हा तो योजण्यात आला. असा आदेश देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस नसून राज्याच्या गृहविभागाच्या सचिवांस आहे, ही गोष्ट तालुका पातळीवर पुष्कळदा ठाऊक नसते. बंदीमुळे अफवा अडते. तिच्यासोबत भाजीवाल्याचे मोबाइलवरील पैसे, बँक मित्राचे यंत्र आणि अफवेचे खंडन करणारा पोलिसांचा निरोपही अडतो.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावाच्या हत्यांविषयी निर्णय देताना, प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जा नसलेला समन्वय अधिकारी नेमण्यास आणि द्वेष व अफवा पसरविणाऱ्या मजकुराची माहिती मिळवीत राहण्यास सांगितले. या व्यवस्थेचे शेवटचे टोक गावचा पोलीस पाटील आहे. गावात भिक्षेकरी, वैदू, घिसाडी, डोंबारी आले असता त्यांची विचारपूस करून तसा निरोप त्याने गावाच्या समूहात आधीच टाकला, तर भटक्या-विमुक्त कुटुंबांचे संरक्षण कोणत्याही कंपनीच्या मर्यादेपेक्षा लवकर होईल. ज्या साधनाने भय पसरते त्याच साधनाने ओळख पसरविता येते, आणि त्यास खर्चही नाही.

चावडी, समूह आणि शाळा

ग्रामपंचायतींचे समूह आता बहुतेक गावांत आहेत. ग्रामसभेची सूचना त्यांवर दिली जाते आणि पुष्कळदा त्यांवरच दिली जाते. ज्या म्हातारीकडे फोन नाही, ज्या सुनेचा फोन नवऱ्याकडे असतो, ज्या मजुराचे रिचार्ज संपले आहे, त्यांना ती सूचना मिळत नाही. सूचनाफलक आणि दवंडी यांना रजा देण्यात सोय असली तरी तो बदल तोट्याचा आहे. समूहाच्या चालकांना एका निर्णयाची माहिती असावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले आहे, की सामाईक हेतू असल्याचे दिसून आल्याखेरीज सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल समूहचालकास जबाबदार धरता येणार नाही. यामुळे सरपंच व मुख्याध्यापक यांची भीती कमी व्हावी. त्यांची नैतिक जबाबदारी मात्र त्याने कमी होत नाही.

शाळांची स्थिती अधिक नाजूक आहे. २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा याच समूहांनी शिक्षण तगवून धरले. त्या दिवसांत मुलाच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावर परत गेला नाही. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम २०२३ अन्वये अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिचा माग ठेवणे अथवा तिला उद्देशून निवडक जाहिराती दाखविणे यास हा कायदा मनाई करतो आणि पालकांची पडताळलेली संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून या तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे. तोवर विद्यार्थ्यांची नावे, छायाचित्रे आणि शिष्यवृत्तीच्या याद्या खुल्या समूहांत टाकण्याची सवय शाळांनी आपणहून सोडली तर बरे. बँक खात्याच्या क्रमांकासह लाभार्थ्यांची यादी समूहावर टाकणारे कार्यालय आणि माहिती विकणारी कंपनी यांत हेतूचा फरक असतो. ज्याची माहिती गेली त्याच्यासाठी तो फरक फार मोठा नसतो.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली निराळा प्रयोग केला. ग्रामसभेत विचार करून ऑगस्ट महिन्यापासून तेथे सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजविण्यात येऊ लागला. भोंगा झाला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवावयाचे, मुलांनी अभ्यास करावयाचा आणि मोठ्यांनी बोलत बसावयाचे, असे ठरले. प्रारंभी लोकांनी थट्टा केली. मुलांपेक्षा मोठ्या माणसांनाच हे जड गेले, कारण संध्याकाळच्या मालिका त्याच वेळेत येत होत्या. म्हणून गावाने नुसता भोंगा वाजवून भागविले नाही. सुरुवातीस कर्मचारी व स्वयंसेवक घरोघर फिरून आठवण देत राहिले. शासनाचा आदेश नाही, दंडाची पावती नाही, आणि फोन कोणाकडून काढूनही घेतलेला नाही. साडेआठ वाजता भोंगा पुन्हा वाजतो आणि ज्याला हवा त्याने आपला फोन उघडावा अशी मोकळीक असते.